हरभऱ्याभोवती दोन फेरे

अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत माणसाला पुरेशी अक्कल येते, असा तरुणपणी माझा समज होता. मग मी अठ्ठावन्न वर्षांची झाले आणि राहतं घर पळण्याच्या पैजेवर लावून मोकळी झाले.

आता सत्तरी जवळ आलीय. इथून त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिला बाई म्हणवत नाही, पोरगीच म्हणावंसं वाटतं. एका नातवाची आजी, केसांना मेंदी, गुडघ्याला तिळाचं तेल आणि तोंडाला लगाम नाही. असली पोरगी.

नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. जालन्याला मस्तगडात एका कापडदुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या, तिथं मी एकटी राहत होते. दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. ज्या घोरण्याला जन्मभर शिव्या घातल्या ते बंद झालं तर मला झोप लागेना. पण दुःख जरा बाजूला सरकलं तशी एक वेगळीच चीज घरात शिरली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मला कुणी काही विचारत नव्हतं. माहेरी भाऊ विचारायचा, कुठं चालली? सासरी सासूबाई विचारायच्या. मग नवरा. मग मुलगा, शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आधी, "आई, कुठं गेल्ती?" आणि आता मी पायात चपला घालत होते, जिना उतरत होते, आणि जगातल्या कुणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं. खालचा दुकानदार फक्त मान हलवायचा. भूक लागली की गॅसपाशी उभ्या उभ्या भाकरी नि ठेचा. ताट नाही, वाटी नाही. दिवा लावायचा राहिला तर राहिला. पन्नाशी उलटून गेल्यावर मला कळलं की मला एकटं राहायला आवडतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा गेलेल्या बाईनं असलं बोलायचं नसतं.

मग एकदा जिन्यात चक्कर आली. किती वेळ पडून होते, माहीत नाही. दुकानदाराच्या बायकोनं पाहिलं, आरडाओरडा केला, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलगा हजर. तपासण्या झाल्या. रक्त कमी, साखर जरा जास्त, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. मुलगा म्हणाला, पुण्याला चल. मी डॉक्टरांचं ऐकलं.

तलावाकाठी सकाळी पळणाऱ्यांचा एक कंपू यायचा. व्यापारी, मास्तर, एकदोन डॉक्टर, आणि बँकेत नोकरी करणारी एक चाळिशीतली बाई, जी मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागली. ही माणसं आधी चालत चालत गप्पा मारायची आणि गप्पा रंगात आल्या की मधेच पळायला लागायची. कुणाच्या सुनेनं काय केलं, ते अर्ध्यावर सोडून. पुढचं ऐकायचं म्हणून मीही पळायला लागले. लोक तब्येतीसाठी पळतात, देशासाठी पळतात. मी दुसऱ्याच्या सुनेसाठी पळाले.

दिवाळीला मुलगा, सून, नातू आले. भाऊबीज उरकली तसा मुलानं विषय काढला.

"आई, आता बास. अकराव्या मजल्यावर तुझी वेगळी खोली केलीय. लिफ्ट आहे. जिना चढायचा नाही."

"लिफ्टमध्ये माझा जीव गुदमरतो."

"आणि इथं जिन्यात पडलीस ते?"

"एकदाच पडले."

"दुसऱ्यांदा पडल्यावर मला फोन कोण करणार? तूच का?"

पोरगा बोलण्यात माझ्यावर गेलाय. पण शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चिरकला, आणि तिथंच मला समजलं की या वेळी तो ऐकायचा नाही. तो भ्यालेला होता. रागावलेल्या माणसाला मी गप्प करू शकते, भ्यालेल्याला नाही.

अशा वेळी शहाणी बाई काय करेल? महिनाभर पुण्याला जाऊन येते म्हणेल, विषय लांबणीवर टाकेल. या पोरीनं काय केलं? तलावावरच्या कंपूत आदल्या दिवशी ऐकलेली गोष्ट ठोकून दिली. संक्रांतीच्या आसपास जाफराबादेकडच्या डोंगरात पळायची शर्यत होती, अर्धी मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर, शेतातून आणि माळावरून. चार तासांच्या आत संपवायची.

"मी ती पळणार आहे," मी म्हणाले. "वेळेत पुरी केली तर मी मस्तगडातच राहणार, आणि मरेपर्यंत तू हा विषय काढायचा नाही."

"कुणाच्या मरेपर्यंत?"

"जो आधी मरेल त्याच्या."

"आणि नाही झाली पुरी?"

"तर तू म्हणशील तेव्हा येते पुण्याला. एक शब्द बोलणार नाही."

सून भांडी विसळत होती, ती हात पुसत बाहेर आली. "आई, विचार करून बोला. मी तिशीत आहे, मला खाली दूध आणायला जायचं तरी दम लागतो."

"म्हणून तर तुला लिफ्ट लागते," मी म्हणाले. मुलगा हसला आणि म्हणाला, ठरलं. एवढ्यात काम झालं. घर घेताना आम्हाला दोन वर्षं लागली होती.

बँकेतली बाई कपाळावर हात मारत म्हणाली, "काकू, डांबरी रस्त्यावर पळणं वेगळं अन् डोंगरात वेगळं. एकदा जाऊन बघून तरी येऊ."

"मला काय बघायचंय?" मी म्हणाले. "माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. सरपणाला डोंगरात जायचे मी, डोक्यावर मोळी घेऊन उतरायचे." ही मोळीवाली परकर नेसायची आणि तिचे दुधाचे दात नुकते पडलेले होते, हे पोरीनं हिशोबात धरलं नाही.

शर्यत टेंभुर्णीच्या पुढं एका गावातल्या शाळेच्या मैदानावरून सुटणार होती. मुलगा आदल्या दिवशीच गाडी घेऊन आला होता, त्यानंच मला सोडलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफा. बाकीच्यांनी शर्यतीचे भगवे बनियन घातलेले. मी पंजाबी ड्रेसवर तोच बनियन चढवला, त्यावर स्वेटर घातला, कानाला थंडी लागू नये म्हणून डोक्याला रुमाल गच्च बांधला. मुलगा माझ्याकडे बघत होता.

"हसायला येतंय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पडू नकोस."

दोन दिवस आधी अवकाळी पाऊस होऊन गेला होता. वरून रान कोरडं दिसत होतं. पहिल्या गाडीवाटेनं लोक सुसाट गेले, मीही गेले, आणि वाट सोडून शेतात पाय पडला तसा एक बूट तिथंच राहिला. काळी माती. वरची पापुद्री सुकलेली आणि खाली लोणी. बूट उपसून घातला, चार पावलं टाकली, तर तळव्याला चिखलाचा थर. अजून चार टाकली, थरावर थर. नांगरलेलं रान ओलांडून गेले तेव्हा दोन्ही पायांना दोन ढेकळं लटकत होती, प्रत्येक तान्ह्या लेकराएवढ्या वजनाचं. दगडावर पाय आपटायचे, काडीनं खरवडायचं, पुन्हा पळायचं, पुन्हा तेच. अनवाणी पळावं म्हटलं तर कापलेल्या तुरीचे खुंट भाल्यासारखे वर आलेले. मी त्या मातीला माहेरची माती म्हणून गावभर कौतुक सांगितलेलं. त्या दिवशी तिला मी जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डोंगर सुरू व्हायच्या आतच मी सगळ्यांच्या मागं पडले. बँकेतली बाई वळून वळून बघत होती. मी हातानं जा म्हणून खुणावलं, तेव्हा ती गेली. मग समोर फक्त मुरमाड चढ, करवंदीच्या जाळ्या आणि माझ्या छातीतला भाता.

चढ म्हणजे काय सांगू. दोन पायांवर सुरू केला आणि चार पायांवर संपवला. मुरूम पायाखालून घसरायचा, एक पाऊल वर आणि अर्धं खाली. मधे एका खडकाला धरून उभी राहिले तर मांड्या थरथर कापत होत्या, मशीनच्या सुईसारख्या. डोळ्यांपुढं काजवे. वाटलं, आली पुन्हा चक्कर. इथं पडले तर दुकानदाराची बायको नाही बघायला. आणि पहिल्यांदा असं मनात आलं की पोरगा बराबर बोलतोय. मी म्हातारी झालेय, माझा भरवसा नाही, मला कुणीतरी सांभाळायला पाहिजे. ते मनात आलं आणि मला रडू फुटलं. पडण्याची भीती वाटली म्हणून नाही. तो बरोबर असेल म्हणून.

मग मी बोलायला लागले. मोठ्यानं नाही, पुटपुटत. आधी देवाशी बोलले, त्यानं काही ऐकलं नाही. मग नवऱ्याशी. "तुम्ही सुटलात," म्हटलं. "मला अकराव्या मजल्यावर टांगून तुम्ही सुटलात." मग पायांशी. डाव्याला म्हणाले, तुला गॅसपाशी उभं राहायचंय ना आपल्या घरात? मग चल. उजव्याला म्हणाले, तू तर गपच बस, तुझ्यामुळं सगळी रखडपट्टी. अशी पायांची भांडणं सोडवत वर गेले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडात पुटपुट. शोभायात्राच ती.

माथ्यावर शर्यतवाल्यांची दोन माणसं मोसंबीच्या फोडी घेऊन बसलेली होती. त्यांनी मला बघितलं आणि उठून उभी राहिली.

"मावशी, जीपनं खाली सोडायचं का? काही लाज वाटून घेऊ नका."

"वेळेत जाईन का, तेवढं सांगा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "उतार आहे आता. बिलकुल थांबला नाहीत तर जाल."

बिलकुल थांबला नाहीत तर. एवढ्या एका वाक्यावर मी जगले. दोन फोडी तोंडात कोंबल्या, बियांसकट गिळल्या आणि उताराला लागले. उतार चढापेक्षा वाईट असतो हे मोळीवालीनं मला सांगितलं नव्हतं. गुडघे असे दुखायला लागले की जणू कुणी आतून खिळे ठोकतंय. एका घसरणीवर तर मी सरळ बसले आणि बसल्या बसल्याच खाली आले, शाळेतली पोरं घसरगुंडीवरून येतात तशी. पंजाबी ड्रेसचं मागं काय झालं ते मी बघितलं नाही. बघायला कुणी नव्हतंही.

खाली आले तेव्हा श्वास जरा ठिकाणावर आला होता. मनात हिशोब केला: सपाट रान, मग नाला, मग डांबरी रस्ता, मग गाव. जमेल. पहिल्यांदाच वाटलं, जमेल. मी मान खाली घातली आणि पळत सुटले. मान वर ठेवायला ताकद नव्हती म्हणून खालीच. डोळ्यांतलं पाणी नि तोंडातली पुटपुट चालूच होती. रस्ता कळावा म्हणून शर्यतवाल्यांनी काठ्यांना, झाडांना गुलाबी कापडाच्या फिती बांधल्या होत्या. तेवढ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या आणि पळायचं. गुलाबी फीत दिसली की पुढं. गुलाबी फीत दिसली की पुढं. या भागात फिती इतक्या जवळजवळ बांधलेल्या होत्या की मला शर्यतवाल्यांचं कौतुक वाटलं. किती काळजी घेतात माणसाची!

उजव्या हाताला घाट्याला आलेला हरभरा, डाव्या हाताला बांध. एक वळण. दुसरं वळण. तिसरं. एका लिंबाखाली बाई बसलेली दिसली, तिनं मला बघून हात जोडले. मीही पळता पळता मान हलवली. म्हटलं, काय माणसं आहेत आपल्याकडची, पळणाऱ्या म्हातारीला हात जोडतात. पुन्हा वळण. पुन्हा फिती. पुन्हा लिंब. पुन्हा ती बाई, पुन्हा हात जोडलेले.

दोन पावलांवर चिखलात बुटाचे ठसे होते. टाचेला फुलीसारखी नक्षी. आधी मला वाटलं, आपल्यासारखेच बूट घातलेली कुणीतरी बाई पुढं गेलीय. मग मी माझा बूट उचलून तळवा बघितला.

त्या क्षणाचं वर्णन मला अजून करता येत नाही. वळून फितीला हात लावला तर मऊ नायलॉन, आणि एका टोकाला जरीचा काठ. साडी. फाडून, चिंध्या करून शेताभोवती खुंट्यांना बांधलेली साडी. वारा आला की त्या हलतात आणि रानडुकरं बिचकतात. आमच्या रानात माझी आई दरसाल बांधायची. मी लहानपणी स्वतः गाठी मारल्यात. मस्तगडात इतकी वर्षं राहून मला साडी साडी दिसली नाही, शर्यतीची फीत दिसली.

"झाले का फेरे, माय?" लिंबाखालची बाई म्हणाली.

"कसले फेरे?"

"मसोबाचे." तिनं लिंबाच्या बुडाकडे हात केला. तिथं शेंदूर फासलेला दगड होता. "नवसाचे हायेत ना?"

"कसला नवस! शर्यत हाय! मी पळून राह्यले!" माझ्या तोंडात आपोआप माहेर आलं.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "आं? मंग आमच्या हरभऱ्याला कामून फेरे घालून राह्यल्या?"

"फिती... ह्या गुलाबी..."

"ते माझ्या जावंच्या साडीचं हाये. डुकरं येतेत ना रात्री. पळनारे तं सगळे तिकून नाल्यातून गेले मघाच."

"मग आवाज न्हाई का द्यायचा मला! पहिल्याच फेऱ्याला!"

"काय बोलता माय," ती खरंच दुखावली. "नवसाच्या बाईला मधीच आवाज देत असतेत का? मोडतो ना नवस. डोस्क्याला फडकं, डोळ्याला पानी, तोंडानं देवाचं नाव चालू. म्या म्हन्लं, घरात काई मोठं दुःख असंन बिचारीला. म्या तं हात जोडले."

मी त्या शेताच्या कडेला मटकन खाली बसले. तिची काहीही चूक नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते, हात जोडले असते. तीही माझ्याशेजारी येऊन टेकली.

"लई मोठं बक्षीस हाये का शर्यतीचं?"

"माझं घर हाय."

"अगं बाई! घर देतेत?"

"देत न्हाईत. जातं."

तिला ते कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही. तिनं घाट्याचे दोन डहाळे उपटून माझ्या हातात कोंबले, दंडाला धरून मला उभं केलं आणि नाल्याच्या दिशेनं पाठीत हलकेच एक धक्का दिला. "जल्दी जा मंग. बसू नको."

त्यानंतरचं पळणं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. नाल्यातलं गार पाणी. पोटरीत आलेला गोळा, तो दोन्ही हातांनी दाबत लंगडत काढलेली वाट. तोंडात हिरवा हरभरा. मधेमधे मी मोठ्यानं "अजून, अजून" म्हणत होते, कुणाला ते माहीत नाही. डांबरी रस्ता आला तेव्हा जाफराबादहून येणारी एक जीप गचकन थांबली. आत दाटीवाटीनं माणसं, टपावर पोती.

"ओ मावशी, या, बसा! शाळेपाशीच चाललो!"

"नको!"

"पैसे नका देऊ! रडून कामून राह्यल्या? बसा!"

आतल्या एका म्हातारीनं तर सरकून जागासुद्धा केली. बूड टेकेल एवढी जागा. त्या जागेकडे मी बघितलं. आज मी असते तर बसले असते, रुमाल तोंडावर ओढून, आणि गावाच्या अलीकडं उतरून पळत गेले असते, आणि वर मुलाला म्हणाले असते, बघ. पण त्या पोरीला भलताच ताठा. ती म्हणाली, "मला माझ्या पायानं जायचंय," आणि जीप हसत निघून गेली. मागं धूर.

गावाच्या अलीकडं शाळेवरचा भोंगा ऐकू यायला लागला. कुणाकुणाची नावं, टाळ्या, गाणी. मी म्हटलं, वाजू दे. वाजतोय तोवर आशा आहे. ढेकळांचे पाय ओढत, एक हात कमरेवर, मी त्या आवाजाला धरून पुढं सरकत होते. पळत होते असं म्हणवत नाही. मग भोंगा म्हणाला, मंडळी, वेळ संपलेली आहे, जेवणं करून घ्या. आणि बंद झाला.

मला शाळेची भिंत दिसत होती. भिंतीवरचे पाढे वाचता येत होते.

मी थांबले नाही, त्याचं कारण मोठं काही नाही. थांबले असते तर पुन्हा चालता आलं नसतं आणि मुलाला रस्त्यावर येऊन मला उचलावं लागलं असतं. ते मला नको होतं. मैदानात शिरले तेव्हा दोन माणसं स्टुलावर चढून कमानीचं कापड सोडत होती. मला बघून ती थबकली आणि एकानं सुटलेलं टोक हातात वर धरून ठेवलं. त्याच्याखालून मी गेले. बँकेतली बाई जेवणाची पत्रावळ टाकून धावत आली, कुणीतरी गळ्यात पदक घातलं. मुलगा समोर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

"आई, झालं. पुरं केलंस तू."

"वेळ सांग."

"जाऊ दे ना आता वेळ."

"वेळ सांग म्हणते."

"चहाला उकळी यायला लागते तेवढा उशीर," तो म्हणाला. "कोण मोजतंय?"

चहाची उकळी. जावेच्या साडीभोवतीचे ते दोन फेरे वजा केले असते तर पातेलं गॅसवर चढायच्या आधीच मी पोचले असते. मी मैदानातच बसले. तो माझ्यापुढं खाली बसला आणि माझे बूट काढायला लागला. चिखल वाळून सिमेंट झालेला, बूट निघेनात. त्यानं नाड्या कापल्या. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं बघून त्याचा हात थांबला.

"आई," तो खाली बघतच म्हणाला, "तू राहा मस्तगडात. मी मोडतो पैज. माझी काही हरकत नाही."

बँकेतली बाई म्हणाली, "बघा काकू! झालं ना मनासारखं!"

गपचूप हो म्हणायचं होतं की नाही? पोरगा स्वतःच्या तोंडानं देत होता. डोळे पुसून, थोडं अजून कण्हून, घर पदरात घेऊन घरी जायचं. एवढंही जमलं नाही तिला. तिला वाटलं, याच्या हरकतीवर मी राहणार असेन तर मग रोज सकाळी याचा फोन येईल, उचलला का, खाल्लं का, जिना धरून उतरलीस का. आणि मला उत्तर द्यावं लागेल, कारण घर त्यानं दिलेलं असेल. त्याला घाबरूही द्यायचं आणि त्याच्या मेहेरबानीवर राहायचंही, हे तिला झेपेना. ते घर तिला कुणाकडून मागून नको होतं. स्वतः कमवायचं होतं, एवढ्याचसाठी तो डोंगर होता.

"चार तासांचं ठरलं होतं," मी म्हणाले.

"मी सोडतोय ना ते!"

"तू सोडशील. मी नाही सोडत."

"आई, हा हट्ट आहे."

"हो. हट्टच आहे. माझ्याकडं दुसरं काय राहिलंय?"

तो माझा पाय मांडीवर घेऊन बसून राहिला, आणि त्याच्या पॅन्टवर चिखलाचे दोन मोठे गोल उमटले. गाडीत मी झोपले नाही. टेंभुर्णी गेली, रस्त्याकडेची रानं गेली, आणि प्रत्येक शेताभोवती कुणाकुणाच्या साड्या फडफडत होत्या, हिरव्या, जांभळ्या, गुलाबी. आता त्या सगळ्या मला बराबर ओळखू येत होत्या.

दोन महिन्यांनी सामान निघालं. लोखंडी कपाट जिन्यातून उतरवताना चार माणसं लागली. दुकानदाराची बायको खाली उभी राहून पदरानं नाक पुसत होती आणि कुठला कोपरा भिंतीला लागतोय ते हमालांना ओरडून सांगत होती. मुलगा घामाघूम झालेला. कपाट गाडीच्या फळीवर टेकवलं आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

"आई, अजूनही सांग. मी परत वर चढवायला लावतो सगळं."

"ते आडवं घाल," मी म्हणाले. "उभं ठेवलंस तर वाटेत आरसा फुटेल."